जळजळ नाही, असं मी लिहिलं

आमच्या गल्लीत सगळे म्हणतात की मी मोठ्या अब्बांचा जीव वाचवला. मोठे अब्बा म्हणजे माझ्या अब्बांचे थोरले भाऊ. ते स्वतःच सांगत फिरतात, किराणा दुकानात, लग्नात, चहाच्या टपरीवर, कुणीही भेटलं तरी. "ह्या पोरीमुळं आज मी हितं उभा हाय." मी शेजारी असले तर माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगतात, आणि मला त्या हाताखालून निसटून कुठंतरी पळून जावंसं वाटतं. का, तेच सांगायला बसलेय. मला हळू लिहिता येत नाही, एकदा सुरू झालं की बोटं थांबत नाहीत, त्यामुळं पुढचं मागं झालं तर सांभाळून घ्या. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून टाकते, नाहीतर नंतर ती लपवायचा मोह होईल. एका फॉर्मवर एक प्रश्न होता. त्याचं उत्तर "हो" होतं आणि मी "नाही"वर टिक केली.

मी बारामतीत एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त घ्यायचं, नळ्यांवर नावं चिकटवायची, मशीनला लावायचं, रिपोर्ट द्यायचे. राहायला भवानीनगरला, रोज स्कूटीवर येऊन-जाऊन. आमचं घर मशिदीच्या मागच्या भिंतीला लागून आहे, मोठ्या अब्बांचं शेजारीच. मोठे अब्बा साखर कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. मशीद छोटी, पूर्णवेळ मौलाना नाहीत, म्हणून मगरिबची नमाज, सूर्य बुडाल्यावर असते ती, कित्येक वर्षं मोठे अब्बाच पढवायचे. ते पुढं उभे राहायचे आणि बाकीचे त्यांच्या मागं. त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत यायचा. मी लहानपणापासून त्या आवाजावर कांदा चिरलाय, कणीक मळलीय, अभ्यासाला बसायची टाळाटाळ केलीय. तो आवाज थांबला की पाच मिनिटांत ते आमच्याकडं येणार आणि चहा मागणार, हे ठरलेलं.

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेले. लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते पुरुषांना, तिचा कॅन्सर. कळालं तेव्हा हाडांपर्यंत गेलेला होता. मी तेव्हा नववीत होते. त्यांचं कण्हणं शेवटी शेवटी सगळ्या घराला ऐकू जायचं. नंतर काही वर्षांनी इंदापूरच्या फुपीला, म्हणजे अब्बांच्या बहिणीला, छातीचा कॅन्सर निघाला. ती बरी झाली, अजून ठणठणीत आहे, पण माझ्या डोक्यात तेव्हाच काहीतरी अडकलं. लॅबला लागल्यावर मी फोनवर वाचत सुटले. बायकांना छातीचा आणि पुरुषांना प्रोस्टेटचा, हे दोन्ही कधीकधी एकाच बिघडलेल्या जनुकामुळं होतात, घराण्यात पुढं पुढं जातात. वाचलं आणि माझी खात्रीच पटली. मी घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढा लांब मेसेज टाकला. आपल्या घरात हे आहे, सगळ्या पुरुषांनी पीएसए नावाची रक्ताची तपासणी करा, उशीर करू नका. खाली दादांचा फोटो. आता तो मेसेज वर सरकवून वाचायची हिंमत होत नाही माझी.

अब्बांनी अंगठा पाठवला आणि विषय संपवला. मोठ्या अब्बांच्या मागं मात्र मी महिनाभर लागले होते.

"मला काय बी होत न्हाय," ते म्हणायचे.

"दादांना पण काय होत नव्हतं."

"तू लॅबला लागल्यापासनं माणसाकडं बघतच न्हाईस. नुसती नस बघतीस."

शेवटी एका रविवारी सकाळी ते म्हणाले, घे बाई काय घ्यायचं ते, पण एकदाच. मी सामान घेऊन तयारच होते. अंगणात खुर्ची टाकली, दंडाला पट्टा बांधला, सुई घातली. मला फार अभिमान वाटत होता. शिकलेलं पहिल्यांदा घरी उपयोगाला येत होतं. नळी भरत असताना ते सहज म्हणाले, "दोन दिस झालं लघवीला जरा जळजळ होतीय. पाणी कमी पडलं आसंल."

माझा हात थांबला. आम्हाला हे पहिल्याच महिन्यात शिकवतात. इन्फेक्शन असेल तर पीएसएचा आकडा उगाच वर जातो. तेव्हा तपासणी करायचीच नाही, उपचार करायचे, सहा-आठ आठवडे थांबायचं, मग करायची. फॉर्मवर तसा प्रश्नच आहे. मला माहीत होतं. कुणी सांगायची गरज नव्हती. पण महिनाभर मागं लागून ते आज बसले होते, परत बसणार नाहीत अशी मला भीती होती. खरं सांगायचं तर एवढीच भीती नव्हती. मला तो रिपोर्ट बघायचा होता. मला बरोबर ठरायचं होतं.

मी म्हणाले, "एवढ्यानं काय होत नाही."

आणि टिक केली. लघवीला जळजळ, ताप, इन्फेक्शन? नाही.

आकडा वाढलेला आला. मी तो स्वतः मशीनवर बघितला, घाबरले, आणि त्याच्याबरोबर, कसं सांगू, थोडी खुशी पण झाली. बघा, मी सांगत होते. हे लिहिताना हात गरम झालेत माझे.

बारामतीच्या डॉक्टरांकडं मीच त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी दादांचं विचारलं, फुपीचं विचारलं, मग म्हणाले, "तेव्हा इन्फेक्शन वगैरे काही नव्हतं ना?"

मोठे अब्बा काही बोलायच्या आत मी म्हणाले, "नाही सर, फॉर्मवर आहे."

मोठ्या अब्बांनी माझ्याकडं बघितलं. फक्त बघितलं. मी फाइल नीट लावायला लागले. डॉक्टर म्हणाले, घरात हिस्टरी आहे, इन्फेक्शन नव्हतं, मग ग्रंथीचा तुकडा काढून तपासायला हवा. त्यांना जे सांगितलं त्यावर ते बोलले.

बारा ठिकाणचे बारीक तुकडे घेतले. त्यातल्या एकात कॅन्सर सापडला. अगदी थोडा, आणि सगळ्यात मंद वाढणारा.

पुण्याच्या सर्जननी शांतपणे समजावलं. हा असा कॅन्सर असला की आम्ही बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतो, दर काही महिन्यांनी तपासायचं, वाढतोय असं वाटलं तर पुढचं बघायचं. बरीच माणसं हा अंगात घेऊनच म्हातारी होतात आणि दुसऱ्याच कशानं तरी जातात. तुमच्या घरात आजार आहे म्हणून बहिणीची आणि यांची जनुकांची तपासणी करून घेऊ. रिपोर्टला काही आठवडे लागतील. तोवर थांबायला हरकत नाही.

दोघांचं रक्त दिलं आणि घरी आलो. त्या शुक्रवारी सगळे आमच्याकडं जमले. फुपी इंदापूरहून आली, पळसदेवला उतरून उजनीचे मासे घेऊन आली. असल्या वेळी पण ती रिकाम्या हातानं येत नाही. मोठ्या अब्बांची बायको, मोठी अम्मी, कोपऱ्यात तसबीहचे मणी ओढत बसली होती. अब्बा नुसते दारातून आत-बाहेर करत होते.

"कॅन्सर हाय आणि तसाच ठिवायचा?" फुपी म्हणाली. "आसं कुठं असतंय व्हय? माझं तर काढलंच की."

"डॉक्टर थांबा म्हणत्यात," अब्बा म्हणाले.

"डाक्टरला काय जातंय थांबायला? दादाला बी थांबाच म्हणलं होतं."

दादांना कुणीच थांबा म्हणालं नव्हतं, त्यांना दाखवलंच उशिरा, पण ते कुणी बोललं नाही. मोठ्या अब्बांनी सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडं वळले. "तू शिकल्याली हायस. तू काय म्हणतीस?"

सगळे माझ्याकडं बघत होते. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला घरातल्या मोठ्या माणसांनी असं विचारणं आमच्याकडं रोज होत नाही. मी म्हणू शकले असते की तो आकडाच मुळात खोट्या फॉर्मवरचा आहे, जरा थांबूया, परत करूया. तोंडात आलं होतं. आणि मी म्हणाले, "आपल्या रक्तातच आहे हे. थांबायचं कशाला? काढून टाका."

ऑपरेशन नीट झालं. सगळं वेळेत. मोठे अब्बा पंधरा दिवसांत अंगणात चालायला लागले. आणि मग जनुकांचा रिपोर्ट आला. ना फुपीत काही सापडलं, ना त्यांच्यात. शोधलं ते कुठलंच बिघडलेलं जनुक नव्हतं. त्याचा अर्थ घरात काही धोकाच नाही असा होत नाही, दादांचं झालं ते झालंच होतं. पण मी ज्या जोरावर "रक्तातच आहे" म्हणाले होते, त्याला त्या कागदावर कसलाच आधार नव्हता. मी तो कागद वाचला, घडी घातली, आणि ग्रुपवर काही टाकलं नाही. पहिल्यांदाच मी ग्रुपवर काही टाकलं नाही.

ऑपरेशननंतर नकळत लघवी जाते, ती थांबायला थोडा वेळ लागेल, असं सर्जननी आधीच सांगितलं होतं. बहुतेकांची काही महिन्यांत थांबते, काहींची थोडी राहते. मोठ्या अब्बांची राहिली. आता वर्ष उलटून गेलं.

मला कुणी सांगितलं नाही. हे असलं घरातल्या मुलीला सांगत नाहीत. मला दोरीवरून कळालं. पांढरे पायजमे जाऊन गडद रंगाचे आले, आणि एका दिवसात तीन-तीन वाळत पडायला लागले. ते स्वतः धुवायचे, मोठ्या अम्मीला हात लावू द्यायचे नाहीत. लग्नात गेले तर जेवण होईपर्यंतही बसायचे नाहीत. इंदापूरला फुपीकडं जायचं तर एसटी नको म्हणायचे, मग जाणंच नको म्हणायला लागले. आमच्याकडं आले तरी सतरंजीवर बसत नव्हते. प्लॅस्टिकची खुर्ची ओढून दाराजवळ बसायचे.

आणि संध्याकाळी खिडकीतून दुसराच आवाज यायला लागला. कोपऱ्यावरच्या टेलर चाचांचा. पहिले काही दिवस मला वाटलं, अशक्तपणा असेल. एक दिवस मी भाजी निवडता निवडता मोठ्या अम्मीला विचारलं, मोठे अब्बा अजून पढवायला जात नाहीत का?

तिनं वर बघितलंच नाही. "वजू ऱ्हात न्हाय त्यांचा."

नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवून पाक व्हायचं असतं, ते वजू. लघवीचा एक थेंब गेला तरी तो तुटतो. ज्याचं सतत थेंब थेंब जातं त्याला स्वतःची नमाज पढता येते, दर वेळेला नवा वजू करून. तेवढी सूट आहे. पण तो दुसऱ्यांच्या पुढं उभा राहून नमाज पढवू शकत नाही. मोठे अब्बा आता शेवटच्या रांगेत, चपला काढतात तिथं, दारापाशी उभे राहतात. मी हातातली मेथी तशीच धरून बसले. मी त्यांच्या प्रोस्टेटबद्दल पान पान वाचलं होतं. त्यांच्या वजूचा विचार एकदाही केला नव्हता.

मी लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना विचारलं. आमच्याच घरातलं आहे असं सांगितलं नाही, एक पेशंट म्हणाले. त्या म्हणाल्या, इन्फेक्शनमध्ये घेतलेल्या आकड्यावर पुढं जायलाच नको होतं. परत केला असता तर कदाचित नॉर्मल आला असता आणि कुणी तुकडा घेतलाच नसता.

"पण कॅन्सर तर निघाला ना, मॅडम?"

"त्या वयात शोधायला गेलं की असला बारीकसा पुष्कळांत निघतो. बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ता लागत नाही. कुणाचा वाढेल आणि कुणाचा नाही, ते आधी कळत नाही. म्हणून तर लक्ष ठेवायचं असतं. तपासणी वाईट नाही गं. घरात असेल त्यानं डॉक्टरांशी बोलून करावी. घाई वाईट."

म्हणजे मी जीव वाचवला की नाही, हे कधीच कळणार नाही. कदाचित वाचवलाही असेल. या "कदाचित"वर मी किती दिवस झोका घेतलाय ते माझं मला माहीत.

इकडं मोठे अब्बा माझं नाव करत होते. एका शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर बघते तर अंगणात सहा-सात माणसं. त्यांचे कारखान्यातले जुने दोस्त, गल्लीतले चाचे, वरकुट्याहून आलेले एक आबा. सगळ्यांना रक्त द्यायचं होतं.

"लाजायचं काय त्यात," मोठे अब्बा त्यांना सांगत होते. "आपलीच पोर हाय. येळंत कळलं म्हणून मी वाचलो."

वरकुट्याचे आबा माझ्या हातातल्या सुईकडं बघून म्हणाले, "रक्त घेतीस का ऊस गाळतीस? चिपाड करून सोडू नगंस मला."

"तुझ्यात रस हाय का पण?" दुसरे म्हणाले. सगळे हसले. मोठे अब्बा सगळ्यात जास्त हसले, आणि हसता हसता मध्येच थांबून हळूच उठून घरात गेले. हसल्यावर जातं ना. बाकीच्यांना कळालं नाही. मला कळालं.

मी सामान भरलं. म्हणाले, आज किट कमी आहेत, पुढं बघू. हे पण खोटंच होतं.

पुढच्या रविवारी अब्बांचा नंबर लावलाय, असं मोठ्या अब्बांनीच ठरवून टाकलं. अब्बा चौपन्न वर्षांचे आहेत आणि सुईला घाबरतात. शनिवारी ते मला म्हणाले, "काय निघालं तर सरळ काढून टाकू. भावाचं काढलं तसं. डोक्याला ताप नगं." हे माझंच वाक्य होतं. माझ्याच अब्बांच्या तोंडून मला परत ऐकू आलं.

त्याच दिवशी दुपारी मी मोठ्या अब्बांकडं गेले. ते मागं धुण्याच्या दगडापाशी बसून पायजमा पिळत होते. मला बघून त्यांनी तो बादलीत टाकला आणि बादली पाठीमागं सरकवली. मी उभ्या उभ्याच बोलले, भराभर, जशी नेहमी बोलते तशी. जळजळ होती, तुम्ही सांगितलं होतं, मला माहीत होतं थांबायचं असतं, मी फॉर्मवर नाही लिहिलं, डॉक्टरांना पण नाही म्हणाले. सगळं एका दमात.

त्यांनी हात पुसले.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "मीच सांगितलं व्हतं की तुला."

"मग डॉक्टरांपुढं बोलला का नाहीत?"

"तू बोलली व्हतीस ना. चारचौघांत तुला खोटं पाडू व्हय?"

मला रडूही येईना. "आणि वर सगळ्यांना सांगता, मी वाचवलं म्हणून."

"मग काय सांगू? उगंच कापून घेतलं म्हणू?" ते हे रागानं बोलले नाहीत. खरंच विचारत होते. "तसं म्हणलं तर हे कशापायी सोसायचं, बाळ? तू वाचवलंस म्हणलं की जरा हलकं जातंय."

मी खाली त्यांच्या शेजारी बसले. आमच्या दोघांच्या मध्ये ती बादली होती. मी म्हणाले, उद्या अब्बांची पाळी आहे, आणि ते आत्ताच काढून टाकायची भाषा करतायत, तुमचं बघून. त्यांनी बादली पुढं ओढून पायजमा परत पिळायला घेतला. मी उठून आले. मला वाटलं, मी त्यांच्याकडून उरलंसुरलं पण काढून घेतलं.

रविवारी मी अंगणात खुर्ची टाकली. अब्बा बाही वर करून, मान दुसरीकडं फिरवून बसले. मोठे अब्बा आपली खुर्ची घेऊन आले आणि बाजूला बसले. मी सुई काढलीच नाही. फॉर्म काढला आणि एक एक प्रश्न मोठ्यानं वाचायला लागले.

"महिन्याभरात ताप, जळजळ, इन्फेक्शन?"

"न्हाय," अब्बा म्हणाले. "आटप लवकर."

"अब्बा, नीट आठवा."

"मागच्या आठवड्यात जरा थंडी वाजून आली व्हती. लघवीला लागत व्हतं थोडं. गोळी घेतली, ग्येलं. त्यानं काय व्हतंय?"

मी पेन धरून बसले. मी बोलायच्या आत मोठे अब्बा म्हणाले, "व्हय लिही."

"अरे भाई, ग्येलं ते आता," अब्बा म्हणाले.

"मला बी जळजळ व्हती त्या टायमाला. आमी दोघांनी दडवलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, अब्बांकडंच बघत होते. "आन् तिकडं पुण्याला थांबा म्हणलं व्हतं, ते बी आमी आयकलं न्हाय. तू आयक. आधी डाक्टरला दाखव. दोन महिन्यांनी रक्त दे. आन् काय निघालंच तर लगीच काढायचं नाव काढू नगंस. माझ्यागत दाराशी हुबा ऱ्हाशील."

अब्बांनी बाही खाली केली. भावाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग आत जाऊन चहा टाकायला सांगून आले, जसं काही पाहुणे आलेत.

"आमी दोघांनी." ते दडवणं माझं एकटीचं होतं. त्यांनी त्यातलं अर्धं उचलून स्वतःकडं घेतलं, आणि मी ते घेऊ दिलं. मी त्या क्षणी म्हणायला हवं होतं, नाही, मी एकटीनं. मी मान खाली घालून "हो"वर टिक करत होते.

संध्याकाळी मी कांदा चिरत होते. अजान झाली. मोठ्या अब्बांच्या घरातून पाण्याचा आवाज आला, ते नव्यानं वजू करत होते. मग फाटक वाजलं. थोड्या वेळानं खिडकीतून टेलर चाचांचा आवाज यायला लागला. त्यांच्या मागं, सगळ्यात शेवटच्या रांगेतून, आमीन म्हणणारा एक आवाज मला ओळखता येतो का, म्हणून मी सुरी बाजूला ठेवून ऐकत राहिले.